641 आला कुठून?

मोठ्या संख्यांच्या गुणधर्मांबद्दल माझं मत बरीच वर्षं तुसडं होतं. इतक्या लाख अंकांची अमुक संख्या मूळ निघाली, तमुक फुटली, अशी बातमी आली की मी पान उलटायचो. डोकं चालवायचं ते लहान संख्यांत, पुढे सगळी यंत्राची हमाली, असा माझा हिशेब होता.

तो बिघडवला 4,29,49,67,297 या संख्येनं. दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. दोनाचा घातांक दर वेळी दुप्पट करायचा आणि उत्तरात एक मिळवायचा, की 3, 5, 17, 257, 65,537 अशी रांग मिळते. पाचही मूळ संख्या. पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं फर्माला वाटत होतं. सहावीवर ते कोसळलं: 1732 मध्ये ऑयलरनं दाखवलं की तिला 641 नं निःशेष भाग जातो, भागाकार 67,00,417. हे मी कधीचं वाचलेलं होतं, पण त्यात चिकाटीपलीकडे काही दिसत नव्हतं. बसला असेल बिचारा 3, 7, 11 नं भागत.

तसं बसावंच लागत नाही. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव 64 च्या पटीत एक मिळवूनच येतो, हे ऑयलरनंच नंतर सिद्ध केलं. अशा मूळ संख्या ओळीनं लिहा: 193, 257, 449, 577, 641. पाचवीलाच काम फत्ते!

त्याहून गंमत म्हणजे तो लांबलचक भागाकारही टाळता येतो. 641 म्हणजे 5 × 128 अधिक 1. आणि 641 म्हणजेच 625 अधिक 16, म्हणजे 5⁴ + 2⁴. आता 641 नं भागल्यावर उरणारी बाकी तेवढी बघायची. 5 × 128 ची बाकी उणे 1, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, 5⁴ × 2²⁸ ची, बाकी 1. दुसऱ्या मांडणीमुळे 5⁴ च्या जागी उणे 2⁴ चालतं. ते ठेवलं की उणे 2³² ची बाकी 1 येते. म्हणजे 2³² + 1 ची शून्य. झालं. ती दहा अंकी संख्या एकदाही लिहावी लागली नाही.

याच रांगेत पुढे दोनाचा 10,48,576 वा घात अधिक एक येतो, 3,15,653 अंक. ही संख्या मूळ नाही हे पक्कं ठाऊक आहे, पण तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही. पूर्वी मी म्हटलं असतं, मग कळलं काय डोंबल? आता मला त्याचंच अप्रूप वाटतं. पेपँनं 1877 मध्ये दिलेली कसोटी अवयव मागतच नाही; एका लहानशा संख्येचा ठरावीक घात घेऊन बाकी काय राहते तेवढं विचारते. घात घ्यायला यंत्र लागतं, हे मान्य.

विक्रमी मूळ संख्यांच्या बातम्या अजूनही मला कंटाळवाण्याच वाटतात. अंक किती ते ठळक छापतात, कसोटी कुठली लावली ते गाळतात. मी मात्र हल्ली पान उलटण्याआधी तेवढं शोधून बघतो.