मामूंचा कान

आमचे मामू मालेगावात चाळीस वर्षं ट्रक दुरुस्त करतायत. इंजिनाच्या आवाजावरूनच सांगतात, ‘नोझल गया’ किंवा ‘टॅपेट ढीला है’. एअर टाकीत साचलेलं पाणी रोज सकाळी काढलं नाही, तर ड्रायव्हरला शिव्या. ते पाणी ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये गेलं तर घाटात काय होतं, हे त्यांनी पाहिलंय.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या आणि हा कान कमी पडू लागला. परवा फोन आला, “बेटा, जरा आ के पढ़ दे.” उमराण्याचा कांदा भरलेला, इंदूरला निघालेला ट्रक वेगच पकडत नव्हता. स्क्रीनवर इंग्रजीत इशारा आणि मामूंना वाचता येते ती फक्त उर्दू. मी वाचलं: युरियाचा दर्जा खराब.

धूर साफ करायला या गाड्यांना 32.5 टक्के युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी, असं द्रावण लागतं. त्यात गडबड झाली की कॉम्प्युटरच इंजिनाची ताकद कमी करतो. ड्रायव्हरनं चार पैसे वाचवायला त्यात नळाचं पाणी मिसळलं होतं. मामूंनी टाकी रिकामी केली, युरियाच्या नोझलवरचा पांढरा थर गरम पाण्यानं धुतला, नवं द्रावण भरलं. इशारा मात्र जाईना. शेवटी स्कॅनरवाला पोरगा आला, दहा मिनिटांत मामूंच्या दिवसभराच्या मजुरीइतके पैसे घेऊन गेला.

मामू हात पुसत म्हणाले, “मास्टर, अंग्रेजी कितने दिन में आती?”

आता रविवारी मी गॅरेजात जातो. बीएडला शिकलेला क्रम सोडून स्क्रीनवरचेच शब्द घेतलेत: लो, हाय, चेक. ‘चेक’ला अजून अडखळतात.