पर्वतीच्या पायऱ्या आणि पेढीची पत

पुण्याच्या पर्वतीला 103 पायऱ्या आहेत. भवानी पेठ, गुलटेकडी भागातील कित्येक व्यापाऱ्यांची पहाटेची भेट तेथेच होते. ज्याला आता नेटवर्किंग म्हणतात, त्याच्या रात्रीच्या मेजवान्या चौविहार पाळणाऱ्यास सोयीच्या नाहीत. पहाट मात्र त्याच्या हक्काची. नवकारसीचे पच्चक्खाण असेल तर सूर्योदयानंतर 48 मिनिटे चहाचाही प्रश्न उद्भवत नाही, आणि तेवढ्यात चढउतार सहज होतो. चातुर्मासात ओल्या हिरवळीपेक्षा दगडी पायऱ्या बऱ्या, हेही खरेच.

चढताना धाप लागते, म्हणून बोलणे मोजके होते. भाव, उधारी, नवा आडत्या कसा आहे, एवढेच. ताळेबंद वर्षातून एकदा दिसतो. माणूस येथे रोज दिसतो. त्यामुळे ज्याच्या पाठीशी वडिलांची पेढी नाही, अशा तरुणासही येथे हळूहळू पत मिळते.

परंतु ज्याची रक्कम बाजारात अडकली, तो प्रथम टेकडीवर येणेच सोडतो. त्याच्या गैरहजेरीची कुजबुज मार्केट यार्डात पोहोचण्यापूर्वी एखादा वयस्कर सोबती त्याच्या घरी जातो. वसुलीचा विषय न काढता, उद्या पहाटे बोलावण्यासाठी.