कंट्रोलचा तांदूळ, भाच्याचे रक्त आणि आमचे प्रश्न



विज्ञानावर बोलायचे म्हटले की आपल्या चळवळीत दोनच भाषणे तयार असतात. एक, तथागत बुद्ध हे जगातले पहिले वैज्ञानिक. दुसरे, पुष्पक विमान आणि गोमूत्रवाल्यांची टर. ही दोन्ही भाषणे आम्हीही विहारात केली आहेत आणि टाळ्या घेतल्या आहेत. आज मात्र आमच्या आईच्या सुपातल्या तांदळाबद्दल लिहायचे आहे. तो विषय त्या दोन्ही भाषणांत बसत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कंट्रोलच्या दुकानातून आणलेला तांदूळ निवडताना आई काही दाणे वेगळे काढायला लागली. जरा पिवळट, गुळगुळीत, एका साच्यातून काढल्यासारखे. पाण्यात टाकले की त्यातले काही वर तरंगायचे. "पलास्टिकचे तांदूळ देतेत आता गरिबाले," असे तिने जाहीर केले. वस्तीतल्या सगळ्या घरांत हेच चालले होते. आम्ही समाजशास्त्रात एम. ए. केलेले, तेव्हा हसलो आणि आईला समजावले की आई, हा फोर्टिफाइड तांदूळ आहे, अफवांवर विश्वास ठेवू नकोस.

समजावले ते खरेच होते. तांदळाचे पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळतात, ते ओलसर पीठ यंत्रातून दाबून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि वाळवतात. १०० किलो साध्या तांदळात असे १ किलो दाणे राइस मिलमध्ये मिसळले जातात. देशात रक्तक्षयाचे प्रमाण मोठे आहे म्हणून रोजच्या भातातूनच लोह द्यायचे ही कल्पना. १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की २०२४ पर्यंत रेशन, शाळेतली खिचडी आणि अंगणवाडी, सगळीकडे हाच तांदूळ जाईल. तसा तो गेलाही. आरोग्य, उद्योग आणि अन्न या तिन्ही क्षेत्रांतले संशोधन एकाच पोत्यात भरून आपल्या दारात आले.

पण आईने पुढचा प्रश्न विचारला तेव्हा आमचे हसू थांबले. "मंग आपल्या पोराले चालते का हे लोह?"

आपले पोर म्हणजे आमचा भाचा. वय वर्षे दहा, वजन बावीस किलो, सिकलसेलग्रस्त. एसएस पॅटर्न.

इथे थोडे मागे जावे लागेल आणि स्वतःच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला आम्हाला अजूनही जड जाते.

आम्ही स्वतः सिकलसेलचे वाहक आहोत, एएस. कॉलेजात असताना एका शिबिरात बोटातून रक्त घेतले, सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली, पुढे इलेक्ट्रोफोरेसिस झाले आणि हातात कार्ड पडले. वाहकाला सहसा त्रास काहीच नसतो, त्यामुळे कार्ड पेटीत गेले. धाकट्या बहिणीचीही तपासणी झाली, तीही एएस निघाली. पुढे १९ जूनला, जागतिक सिकलसेल दिनाला, आम्ही विहारात फळ्यावर खडूने आकृत्या काढून सांगायचो की नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून लग्नाआधी तपासणी करा. लोक माना डोलवायचे.

आणि त्याच वर्षी बहिणीला स्थळ आले. मुलगा नोकरीवाला, घरदार बरे, हुंड्याची मागणी नाही. बाबा म्हणाले, आता रक्ताची भानगड काढू नकोस, पोरीत खोट आहे असा बोभाटा होईल. आम्ही गप्प बसलो. मुलाची तपासणी झाली नाही आणि बहिणीचे कार्ड पेटीतून बाहेर निघाले नाही. फळ्यावर आकृती काढणारा माणूस घरात एक वाक्य बोलू शकला नाही. मनुवाद्यांना शिव्या देणे सोपे असते हो, वडिलांसमोर बोलणे अवघड असते.

भाचा नऊ महिन्यांचा असताना त्याचे हातपाय सुजले. तळहात, तळपाय फुगलेले आणि पोर रात्रभर किंचाळत होते. बहिणीच्या सासरी बुद्धवंदना रोज होते, बाबासाहेबांचा भलामोठा फोटो आहे, तरी पोराला आधी बाहेरचे बघणाऱ्याकडे नेले. अंगारा लावला. लहान बाळाचे हातपाय असे सुजणे हे सिकलसेलचे सर्वांत पहिल्या खुणांपैकी एक, हे पुस्तकात आहे, आम्हाला पाठ होते. आम्ही पोहोचलो दहा दिवसांनी.

या आजारात नेमके काय बिघडते हे एकदा नीट समजून घ्या. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड असायला हवे, तिथे व्हॅलिन येते. एवढाच बदल. हे व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवून दिले. त्याआधी १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचा आजार आहे हे सांगितले होते. भारतात तो पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. त्या एका बदलामुळे ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटल्यासारख्या वेदना होतात. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणजे भाच्याचा रक्तक्षय हा लोह कमी पडल्यामुळे झालेला रक्तक्षय नव्हे. त्याच्या पेशीच टिकत नाहीत. वर रक्त चढवावे लागले तर एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नसते. यकृतात, हृदयात साचत राहते.

म्हणून आईचा प्रश्न अडाणी नव्हता. तो प्रश्न सरकारलाही पडला होता! अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार लोह घातलेल्या अन्नाच्या पाकिटावर इशारा छापणे बंधनकारक होते: थॅलेसेमियाच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली खावे आणि सिकलसेलच्या रुग्णांनी खाऊ नये. आता सांगा, पाकिटावर म्हणजे कशावर? कंट्रोलचा तांदूळ पाकिटात येत नाही. पन्नास किलोच्या पोत्यातून तराजूत आणि तराजूतून आईच्या पिशवीत येतो. इशारा पोत्यावर राहतो आणि पोते दुकानात. आम्ही दुकानदाराला विचारले, तो म्हणाला, सर, आमाले वाटाचा हुकूम हाय. उपकेंद्रात विचारले, तिथल्या ताईंनी हे पहिल्यांदाच ऐकले. सिकलसेलचा पट्टा आणि रेशनवर जगणाऱ्यांचा पट्टा हा विदर्भात बराचसा एकच आहे. ज्यांनी खाऊ नये असे लिहिले होते त्यांच्यापर्यंत ते लिहिणे पोहोचले नाही, तांदूळ मात्र दर महिन्याला पोहोचला.

मग २०२४ मध्ये हा इशाराच काढून टाकण्यात आला. कारण असे दिले गेले की या तांदळातून जाणारे लोह थोडे असते, त्याने अशा रुग्णांना अपाय होतो याचा पुरावा नाही आणि इतर देशांत असा इशारा छापत नाहीत.

इथे आपले काही मित्र लगेच म्हणतील, बघा, आमच्यावर प्रयोग चाललाय, हे षड्‌यंत्र आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. आम्ही वहीत हिशेब मांडला. एक किलो फोर्टिफाइड तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह घालतात. भाचा महिन्याला चार किलो भात खातो असे धरले तरी ११२ ते १७० मिलिग्रॅम होते, आणि त्यातले फार थोडे आतड्यातून रक्तात शोषले जाते. रक्ताच्या एका पिशवीपुढे हे काहीच नाही. म्हणजे इशारा काढणाऱ्यांचे गणित बरोबर असू शकते. पण मग आधी इशारा छापला तो कोणत्या पुराव्यावर? आणि काढला तेव्हा ज्यांच्या घरात लाल किंवा पिवळ्या कार्डाचे पोर आहे त्यांना कोणी येऊन सांगितले? इशारा आल्याचे कळले नाही, गेल्याचेही कळले नाही. बाजारातून चिन्नोर घेऊन खाणाऱ्याला निवड आहे. आईला निवड फक्त सुपात आहे.

आता दुसरी बाजू सांगतो, कारण तीही तितकीच खरी आहे. भाचा आज शाळेत जातो तो एका औषधामुळे. हायड्रॉक्सीयुरिया. हे मूळचे कॅन्सरचे औषध. गर्भात असताना आपल्या सगळ्यांच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते, ते विळ्यासारखे वाकू देत नाही. जन्मानंतर ते कमी होते. हे औषध ते पुन्हा वाढवते. अमेरिका-कॅनडात २९९ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली, १९९५ मध्ये निष्कर्ष आले, वेदनांचे झटके जवळपास निम्मे झाले. १९९८ मध्ये तिथे त्याला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली.

पण तिकडचा डोस इकडच्या कुपोषित पोरांना कसा द्यायचा, सारखी रक्ततपासणी कुठे करायची? यावर आपल्या नागपुरात काम झाले. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅम असा कमी आणि ठरलेला डोस देऊन पाहिला. झटके कमी झाले, रक्त चढवणे कमी झाले, दवाखान्यात भरती होणे कमी झाले. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असे एक मत बरीच वर्षे चालत आले होते. विदर्भातल्या पोरांच्या नोंदी काढल्यावर ते इथे लागू पडत नाही हे दिसले. आम्हाला हे संशोधन कोणत्याही मोठ्या शोधापेक्षा जवळचे वाटते. भाच्याला दिवसाआड ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल मिळते, तो हिशेब याच कामातून आलेला आहे. आधी वर्षातून पाच-सहा वेळा भरती व्हायचा, गेल्या वर्षी एकदाच झाला.

तीही भरती का झाली? आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात सात आठवडे कॅप्सूल नव्हती. "वरून सप्लाय नाही," एवढेच उत्तर. बहीण मजुरी बुडवून तीनदा गेली आणि तीनदा रिकाम्या हाताने परत आली. आम्हाला कळले तेव्हा बाहेरून आणली, पण तोवर डिसेंबरची थंडी आणि ताप, झटका आलाच. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय मिशन सुरू झाले, चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सिकलसेलचे उच्चाटन. तपासणीचे आकडे फलकावर लागतात. कॅप्सूल किती दिवस नव्हती याचा फलक आम्ही अजून पाहिलेला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली, किंमत २२ लाख डॉलर. बहिणीला आम्ही ही बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, "दादा, आधी ते गोळीचं पाहा."

तरुण कार्यकर्त्यांनी आणखी एका गोष्टीकडे पाहावे असे वाटते. हे जनुक टिकले ते मलेरियामुळे. वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते, म्हणून जंगलपट्ट्यात ते राहिले. त्यात कोणाच्या जातीचा दोष नाही. बौद्धांत आहे, गोंड-परधानांत आहे, कुणबी-तेल्यांतही आहे. पण दोन वाहक पुन्हा पुन्हा एकमेकांच्याच घरात का येतात? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातींवरचा निबंध वाचला आणि जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न हे आहे असे मांडले. आम्ही तो निबंध एम. ए.च्या परीक्षेसाठी वाचला होता. भाच्याचा रिपोर्ट हातात आला त्या रात्री पुन्हा वाचला. आम्ही बौद्ध झालो, पण सोयरीक पाहताना अजून तीच पोटजात, तेच पन्नास किलोमीटर. अर्थात जातीबाहेर लग्न केले म्हणजे तपासणी नको असे नाही, समोरचाही वाहक असू शकतो.

कार्ड म्हणजे नवी कुंडली अशी घोषणा हल्ली ऐकू येते, तिचीही आम्हाला भीती वाटते. कुंडलीत मंगळ असलेल्या मुलीचे जे केले तेच एएस मुलीचे होणार. आमच्या ओळखीत तीन मुलींची स्थळे फक्त कार्डामुळे मोडली, आणि तिन्ही ठिकाणी मुलाची तपासणी झालीच नव्हती.

चुलत बहिणीचे यंदा ठरते आहे. या वेळी आम्ही काकांसमोर बोललो. घरात दोन दिवस कोणी आमच्याशी धड बोलले नाही. मुलाने मात्र स्वतःहून रक्त दिले आहे, रिपोर्ट यायचा आहे.

आणि तांदळाचे म्हणाल, तर शहरातल्या डॉक्टरांना आम्ही विचारले. ते म्हणाले, भात खाऊ द्या, पण त्याच्या शरीरात लोह किती साचले आहे ते बघायला फेरिटिनची तपासणी करा, म्हणजे अंदाजाने बोलायला नको. आमच्याकडच्या दवाखान्यात ती होत नाही. पुढच्या महिन्यात त्याला शहरात न्यायचे ठरले आहे. आईला हे सगळे सांगितले, तांदळातले लोह थोडे असते तेही सांगितले. तिने ऐकून घेतले, सूप पुढे ओढले आणि म्हणाली, "रिपोट येऊ दे बाबू. तवर मी निवडतो."