आवाज येतो, शब्द कळत नाहीत

आमच्या घरात टीव्हीवर सिनेमा चालू असला की दर दोन मिनिटांनी अब्बांचा एक प्रश्न यायचा, "क्या बोल्या वो?" सुरुवातीला आम्ही सगळे सांगायचो. मग सांगता सांगता पुढचा संवाद निघून जायचा म्हणून थोडक्यात सांगू लागलो. मग "कुछ नहीं अब्बा" म्हणू लागलो. आणि मग कधीतरी प्रश्न यायचाच बंद झाला. अब्बा आपली खुर्ची उचलून बाहेर ओट्यावर बसू लागले. आम्हाला वाटलं, त्यांना गार वारा आवडतो.

हे माझ्या लक्षात आलं ते मुलाच्या हट्टामुळे. त्याला होम थिएटर पाहिजे होतं. मित्राच्या घरी त्याने एक वूफर ऐकला होता आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे "पप्पा, छाती हादरते!" मी म्हटलं, आठ हजारांच्या पुढे जायचं नाही. त्यात गाणी आणि सिनेमा दोन्ही नीट ऐकू आले पाहिजेत. तो लगेच मोबाईलवर मॉडेलं बघू लागला. मी सहज अब्बांना विचारलं, "तुम्हाला कसा आवाज पाहिजे?" ते म्हणाले, "आवाज तो आता है. लफ्ज़ समझ में नहीं आते."

या एका वाक्याने आमची सगळी खरेदीच बदलून टाकली.

अब्बांनी मिरजगावात तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. आधी डिझेल इंजिनावर, नंतर मोटरवर. पट्ट्याचा आवाज, जात्याचा आवाज, त्यात ओरडून बोलणारी गिऱ्हाईकं. कानात कापूससुद्धा कधी घातला नाही. आपल्याकडे गिरणीवाला, लोहार, ट्रॅक्टरवाला यांचे कान जातात, हे आपण वयाच्या खात्यावर टाकतो आणि मोकळे होतो.

स्पीकर बघायला मुलाबरोबर नगरला जायचं ठरलं, तेव्हा अब्बांनाही बरोबर घेतलं. कानात मळ झाला असेल, तेवढा काढून आणू, असं त्यांना सांगितलं. मिरजगाव ते नगर रुईछत्तीशीवरून एसटीने दीडएक तासाचा रस्ता. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं, तरी कंडक्टर आणि अब्बा दोघेही नगरच म्हणतात. कानाच्या डॉक्टरांनी त्यांना एका बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावला आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बाहेर आलेल्या कागदावर एक रेघ होती. डावीकडे जाड आवाजांच्या बाजूला ती बऱ्यापैकी वर होती. उजवीकडे बारीक आवाजांकडे जाताना उतरत गेली होती आणि 4000 हर्ट्झच्या आसपास तर विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलेल्या माणसाचा कान बहुधा तिथेच आधी जातो, असं डॉक्टरांनी समजावलं.

त्याचा अर्थ असा. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, जाड आणि दमदार असतात. ते अब्बांना ऐकू येतात. पण स, श, फ, त, थ ही व्यंजनं बारीक आणि हलकी. ती गळून पडतात. शब्दाचा अर्थ मात्र बराचसा त्यांच्यावरच टांगलेला असतो. 'साथ', 'हाथ' आणि 'बात' त्यांना एकसारखेच ऐकू येणार. आपण रिमोटने आवाज वाढवतो तेव्हा स्वर आणखी मोठे होतात. त्यात वूफरची धडधड मिसळली की उरलीसुरली व्यंजनंही त्याखाली दबतात. म्हणजे मुलाची छाती हादरवणारा जो आवाज, तोच नेमका अब्बांना सिनेमातून बाहेर काढणार होता.

डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन सुचवलं. अब्बा म्हणाले, "माझा कान चांगलाय. हल्ली लोकच पुटपुटतात." विषय तिथे संपला.

दुकानात गेलो. दुकानदाराने डेमो म्हणून वरातीतलं एक रिमिक्स लावलं. काचेचं कपाट थरथरलं. मुलगा खूश, अब्बा दाराबाहेर. खोक्यावर काही हजार वॅटचा आकडा होता. मी खोकं उलटवून मागची बारीक अक्षरं वाचली. हे यंत्र विजेच्या बोर्डातून किती वॅट घेतं, ते तिथे लिहिलेलं होतं : साठ. जे यंत्र साठ वॅट घेतं, ते सतत साठपेक्षा जास्त देणार कुठून? गिरणीचा धंदा केलेल्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. पाच किलो ज्वारी टाकून दहा किलो पीठ निघत नाही. मोठा आकडा 'पीएमपीओ' नावाचा असतो, क्षणभराच्या उसळीचा, आणि तो कसा मोजायचा याला काही धरबंध नाही. पाहायचा तो 'आरएमएस'चा आकडा. आणि त्यालाही फार भुलू नये. पन्नासचे शंभर वॅट झाले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे दहापट ताकद. आमची बसायची खोली दहा बाय बारा. तिथे वीस-वीस वॅटचे दोन चांगले स्पीकरही पुरून उरतात.

मग प्रश्न आला पाच की दोन. 5.1 म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. समोर तीन, मागे दोन. सिनेमासाठी ही उत्तम रचना आहे. त्यातला मधला स्पीकर तर मुख्यतः संवादांसाठीच असतो. पण आठ हजारांत सहा पेट्या, त्यांचे पाच-सहा भाग आणि खोका, हे सगळं बसवायचं तर प्रत्येक पेटीच्या वाट्याला काय येणार? शिवाय आमचा दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला. मागचे स्पीकर लावायचे कुठे, पत्र्यावर?

आणि आम्ही ऐकतो काय? अब्बांची आवडती 'बरसात की रात' 1960ची. त्यातल्या रोशन यांच्या कव्वाल्या मोनो, म्हणजे एकाच वाटेने ध्वनिमुद्रित झालेल्या. पाच स्पीकरांतून वाजवल्या तरी त्या पाच होत नाहीत. 'मुग़ल-ए-आज़म'ही त्याच वर्षीचा. 2004मध्ये तो संपूर्ण रंगीत होऊन आला, तेव्हा त्याचा आवाज बहुमार्गी करायला नौशाद आणि उत्तम सिंग यांना पार्श्वसंगीत नव्याने उभं करावं लागलं. जे मुळात नाही ते स्पीकर निर्माण करत नाही. उलट आपल्या शेजारच्या करमाळ्याच्या मातीत घडलेल्या 2016च्या 'सैराट'चं संगीत अजय-अतुल यांनी अमेरिकेत जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं. त्यात व्हायोलिनं कुठे आणि बासरी कुठे, हे ऐकायला डावा-उजवा असे दोन प्रामाणिक स्पीकर लागतात. तेवढे बास होतात.

म्हणून ठरलं : दोन बऱ्या आकाराचे स्पीकर, एक लहान वूफर, आणि बास व ट्रेबल कमीजास्त करायला वेगवेगळी बटणं. कंपनीचं नाव देत नाही, कारण मॉडेलं दरवर्षी बदलतात. कसं पारखलं, ते सांगतो.

पहिली परीक्षा बातम्यांची. दुकानदाराला म्हटलं, गाणं बंद करा, मोबाईलवरून आकाशवाणीच्या बातम्या लावा, आणि आवाज हळू ठेवा. तो माझ्याकडे बघतच राहिला. एवढं मोठं यंत्र घेऊन कोणी बातम्या ऐकतं का? पण हळू आवाजात ज्या स्पीकरवर निवेदिकेचा प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो, तो संवादाला चांगला. अब्बांना आत बोलावलं. दोन स्पीकरांवर त्यांनी मान हलवली नाही. तिसऱ्यावर म्हणाले, "ये बाई साफ बोलती."

दुसरी परीक्षा कव्वालीची. टाळ्या आणि ढोलक एकाच वेळी वाजतात तेव्हा टाळी टाळीसारखी आणि ढोलक ढोलकासारखा राहतो का? स्वस्त वूफरमध्ये ढोलकाची थाप फुगते आणि टाळी तिच्यात बुडते.

तिसरी परीक्षा शांततेची. 'सैराट' ज्यांनी पाहिलाय त्यांना शेवट आठवत असेल. तिथे आवाजच काढून घेतलाय. थिएटरात त्या वेळी माणसं श्वास धरून बसली होती. आमच्या घरात यापूर्वी एक जुना संच होता. तो त्या जागी भुंग्यासारखा गुणगुणत राहायचा. वीज 50 हर्ट्झची, आणि घरात अर्थिंग नीट नसलं की तिची घरघर स्पीकरमध्ये उतरू शकते. म्हणून गाणं थांबवून, आवाजाचं बटण अर्ध्यावर ठेवून, स्पीकरला कान लावून बघावं. काहीच ऐकू आलं नाही तर माल चांगला. घरी आल्यावर वायरमनकडून मीठ-कोळसा टाकून अर्थिंगचा खड्डाही नवा करून घेतला.

वायरचाही एक धडा मिळाला. मुलाचं म्हणणं होतं, ब्लूटूथने जोडू, वायरी लोंबायला नकोत. जोडून पाहिलं तर ओठ आधी हलत आणि शब्द अंमळ मागून येत. आम्हाला ते चाललं असतं. पण तेव्हा कळलं की अब्बा इतकी वर्षं निम्मं कानांनी आणि निम्मं डोळ्यांनी ऐकत होते, माणसांच्या ओठांवरून. आणि हेही कळलं की दक्षिणेतले हिंदीत डब केलेले सिनेमे लागले की ते लगेच का उठतात. तिथे ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच. वायर लावली. फरक गेला.

आता घराचं. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा, भिंती कोऱ्या. अशा खोलीत शब्द चारी बाजूंनी आपटून एकमेकांत मिसळतात. हजार रुपये जास्त घालून स्पीकर आणण्यापेक्षा अम्मीची जाड सतरंजी खाली अंथरली, समोरच्या खिडकीला पडदा लावला. अर्ध्याहून जास्त काम तिनेच केलं. वूफर कोपऱ्यात ठेवला की धडधड वाढते, म्हणून तो कोपऱ्यातून दोन हात पुढे घेतला. त्याचा आवाज भिंतीतूनही पलीकडे जातो, आणि आमची एक भिंत शेजारच्या आजींची आहे. त्यांचा हरिपाठ आम्हाला ऐकू येतो, आमची अजान त्यांना. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा कायद्याने घातलीय. पण आजींसाठी कायदा कशाला काढायचा? रात्री वूफरचं बटण शून्यावर, एवढं मुलाने कबूल केलं. वरातीतल्या, मिरवणुकीतल्या भिंतींएवढ्या स्पीकरांवर, मग त्या कोणाच्याही असोत, आपण चिडतो. आपल्या घरातल्या छोट्या पेटीवर मात्र आपलं लक्ष नसतं.

माझा मेहुणा दीनदार आहे. तो म्हणाला, "मौसीकीवर पैसे घालण्यापेक्षा..." वाक्य त्याने अर्धंच सोडलं. हा वाद आपल्यात नवा नाही. चिश्ती दर्ग्यांत समा चालत आला, आणि त्याला नाजायज मानणारेही तितकेच जुने आहेत. मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याला अब्बांच्या कानाचा कागद दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बयानसुद्धा यावर लावत जा."

शेवटी जागेचा प्रश्न. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण सारख्या बाजूंचा असावा, स्पीकर कानाच्या उंचीवर असावेत. बरोबर मधे बसलं तर आवाज पडद्यातूनच येतो असं वाटतं, मधला स्पीकर नसूनही. थोडं बाजूला सरकलं की तो भास मोडतो. म्हणजे खोलीत उत्तम जागा एकच. मुलाने दोरीने माप घेतलं, फरशीवर खडूने फुली मारली, आणि ओट्यावरची खुर्ची आत आणून त्या फुलीवर ठेवली.

पहिल्या रात्री 'बरसात की रात' लावला. मधेच इशाची अजान झाली, मुलाने आवाज बंद केला. नमाज होऊन सगळे परत बसले. कव्वाली सुरू झाली तशी मुलाने सवयीने आवाज वाढवला. अब्बांनी हात वर केला. "कम कर. आ रहा है."

सगळंच आलं असं नाही. स्पीकर म्हणजे कान नव्हे. त्या रात्रीही दोनदा प्रश्न आला, "क्या बोल्या वो?" पण दोन्ही वेळा मुलाने रिमोटने सिनेमा थांबवला, दादांकडे तोंड केलं, संवाद सावकाश सांगितला, आणि त्यांनी मान हलवल्यावरच पुढे नेला. पुढच्या महिन्यात नगरला जाऊन कानाचं मशीन एकदा लावून बघायला अब्बा तयार झालेत. लोक पुटपुटतात, हे त्यांचं मत मात्र कायम आहे.