उत्तर वाऱ्याच्या आडोशाला

गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता सिएटलला कन्येकडे गेलो, तेव्हा जावयांनी अलास्काचा बेत आधीच ठरवून ठेवला होता. देवमासे आणि अस्वले जिथे माणसांच्या शेजारी राहतात असे एखादे आडबाजूचे गाव पाहावे, अशी त्यांची इच्छा. गावाचे नाव हूना. ते मासेमारांचे गाव आहे हे कळताच आमच्या सौ.नी खाकरे, मेतकूट, मुगाची डाळ आणि छोटा कुकर यांची बांधाबांध सुरू केली. तेरा वर्षांच्या नातवाने मात्र मला हळूच सांगितले, "आजोबा, तिथे एक दिवस मी गळ टाकायला जाणार आहे. बाबांनी नावेचे पैसे भरलेत. मासा मारायचा नाही, पकडून सोडून द्यायचा."

मी गप्प राहिलो. जावयाच्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावर नातवाला एकदम 'नाही' म्हणणे जिवावर येते. पण त्या रात्री झोप लागली नाही.

सिएटलहून जूनो विमानाने अडीच तासांवर. जूनो ही अलास्काची राजधानी. पण तिला बाहेरच्या मुलखाशी जोडणारा रस्ता नाही. तिथून फेरीबोटीने तीन-चार तासांत आपण चिचागॉफ बेटावरील हूनाला पोहोचतो. डोंगरांच्या माथ्यावर बर्फ, आणि स्प्रूस-हेमलॉकची दाट राने थेट पाण्यापर्यंत उतरलेली. वस्ती जेमतेम नऊशे. ट्लिंगिट या मूळनिवासी समाजाचे हे अलास्कातील सर्वांत मोठे गाव. नावाचा अर्थ 'उत्तर वाऱ्यापासून आडोसा'. या लोकांचे जुने घर समोरच्या ग्लेशियर बे येथे होते. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकली आणि त्यांना घरे सोडून निघावे लागले. 1794 मध्ये व्हँकुव्हरच्या खलाशांना तो उपसागर बर्फाने भरलेला दिसला. 1879 मध्ये जॉन म्यूर तेथे गेला तेव्हा बर्फ साठ किलोमीटरांहून अधिक मागे हटले होते. एवढी मोठी उलथापालथ सोसलेली ही माणसे बोलतात मात्र अगदी सावकाश आणि मोजके.

जूनमध्ये येथे सूर्य मावळतो तो रात्री दहानंतर! चौविहाराची एवढी ऐसपैस सवलत आयुष्यात प्रथमच मिळाली, म्हणून सौ. खूश. पण गावात भाजी काय पिकते, अशी चौकशी केली तर उत्तर मिळाले, "बटाटा." दोनशे वर्षांपासून या किनाऱ्यावर बटाटा लावतात. सौ.नी निमूटपणे मुगाची डाळ भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी देवमासे पाहायला निघालो. नाव चालवणाऱ्या बाई गावातल्याच, ट्लिंगिट, पन्नाशीच्या. उन्हाळ्यात त्या प्रवासी नेतात, एरवी मासेमारी करतात. हंपबॅक देवमासे हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात काढतात, पिलांना जन्म देतात आणि चार हजार किलोमीटरांहून अधिक पोहून येथे चरायला येतात. तिकडे असताना ते महिनोन्‌महिने जवळजवळ काहीच खात नाहीत. हे ऐकून सौ.नी नकळत हात जोडले. पासष्टीला वर्षीतप करणारी बाई ती, तिला उपवासाची किंमत ठाऊक!

शंभर यार्डांच्या आत नाव नेण्यास कायद्याने मनाई आहे. बाईंनी इंजिन थांबवले. पाण्यावर बुडबुड्यांचे एक मोठे कडे उमटले आणि पुढच्याच क्षणी सहा-सात प्रचंड जबडे एकदम वर आले. बुडबुड्यांच्या जाळ्यात लहान मासे कोंडून ते मिळून भक्ष्य गिळतात. ते खाली गेल्यावर श्वासाचा फवारा तेवढा हवेत तरंगत राहिला. नातू बराच वेळ बोलला नाही. परतताना किनाऱ्यावर एक तपकिरी अस्वल दगड उलथत चालले होते. मान वर करून त्याने आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा आपल्या कामाला लागले.

संध्याकाळी धक्क्यावर गळाच्या नावा परतल्या. हौशी पाहुणे आपापल्या हॅलिबटसोबत छायाचित्रे काढून घेत होते. मी पाठ फिरवणार, तोच नजर एका वेटोळ्यावर गेली आणि हात आपोआप त्याकडे वळला. नायलॉनचा दोर, तीन पेडी. बोटांना ओळख पटली. कोल्हापुरात आमच्या तीन पिढ्यांनी सुतळी आणि दोरखंड विकले. रत्नागिरी-मालवणकडची गिऱ्हाइके दरसाल नायलॉनचे गठ्ठे नेत. तो दोर पुढे कुठे जातो, हे ना वडिलांनी विचारले, ना मी. चोपडीत फक्त वजन आणि दर लिहिले. समोरच्या माणसांना दोष देण्यापूर्वी ती चोपडी मला आठवली आणि मी तिथेच थांबलो.

बाई शेजारीच नाव धूत होत्या. नातू दुभाषा झाला. त्यांच्या बोलण्यातून व्यापाऱ्याला रस वाटेल असा हिशेबही समजला. 1995 पूर्वी हॅलिबटचा हंगाम दोन-एक दिवसांपुरता आखडला होता. त्या चोवीस-चोवीस तासांत वादळ असो वा नसो, सारे समुद्रात धावत. आता प्रत्येकाचा वाटा ठरलेला आहे, तो विकता-विकत घेता येतो. घाई संपली, जीव वाचले. पण भांडवल नसलेल्या तरुणाला धंद्यात शिरणे कठीण झाले. आपल्या बाजारपेठांतूनही अशी गोष्ट ऐकू येते.

मग नातवाने स्वतःहून विचारले, "मासा पकडून सोडला तर?"

बाईंनी हात पुसले. खोल पाण्यातला रॉकफिश झरझर वर ओढला की आतली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात. वरच्या वर सोडला तर त्याला खाली जाता येत नाही. म्हणून 2020 पासून अलास्कात गळाच्या प्रत्येक नावेवर त्याला पुन्हा खोल पोहोचवणारे साधन ठेवावे लागते. "त्यातले काही शंभर वर्षांहून मोठे असतात," त्या म्हणाल्या, "तुझ्या आजोबांपेक्षाही." नंतर थोड्या थांबून म्हणाल्या, "आमची आजी सांगे, भूक असेल तर घ्या आणि आभार माना. खेळू नका."

त्या मासे खातात, आम्ही खात नाही. आमच्या आणि त्यांच्या वाटा वेगळ्या, आणि तो फरक लपवण्यात अर्थ नाही. पण माझ्या ओठांवर अडलेले वाक्य त्या परक्या बाईंच्या तोंडून, त्यांच्या आजीच्या शब्दांत, नातवाच्या कानी पडले. मी सांगितले असते तर तो धाक ठरला असता.

रात्री साडेनऊच्या उन्हात नातू जावयांना म्हणाला, "बाबा, उद्या मी नाही गेलो तर पैसे परत मिळतील?" मिळणार नव्हते. जावई माझ्याकडे पाहून हसले. "घाट्याचा सौदा आहे, बाबा," ते म्हणाले. मी म्हटले, "आमच्या पेढीवर असा घाटा जमेच्या बाजूला लिहितात."

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. पाऊस केव्हाही येतो, म्हणून रेनकोट आणि लोकरीचे कपडे हवेतच. शिधा बरोबर न्यावा आणि स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. 1912 मधील मासे डबाबंद करण्याचा कारखाना आता संग्रहालय झाला आहे, तो पाहावा; त्या गावाची कमाई समजून घेतल्याशिवाय गाव कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गळाची नाव नातवावाचून सुटली. आम्ही चौघे किनाऱ्यावर बसलो होतो. दूरवर एक फवारा उडाला. नातवाने विचारले, "आजोबा, आपला दोर अजूनही मालवणला जातो का?"

त्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. घरी परतल्यावर मुलाला सांगून जुन्या चोपड्या काढायला लावल्या आहेत.