चार पाय

तर मंडळी, आजचा लेख पायांवर आहे. माझ्या नव्हे. माझ्या गुडघ्यांविषयी लिहायला बसलो तर एक लेख पुरायचा नाही. हे पाय आहेत पिनबॉल नावाच्या एका जुन्या अमेरिकन यंत्राचे. ते शोधण्यात माझ्या मुलाचे आणि माझे मागच्या वर्षीचे चार महिने गेले.

पिनबॉल आपल्याकडे फारसं कुणी पाहिलेलं नसतं. लहानपणी खिळे ठोकलेल्या फळीवर गोळ्या सोडायचा बगाटेल नावाचा खेळ काहींना आठवत असेल. पिनबॉल हा त्याचाच अमेरिकेत वाढलेला वंशज. काचेखाली उतरती फळी, त्यावर रंगीत दिवे, उसळी देणारे खुंट आणि साधारण 80 ग्रॅम वजनाची पोलादी गोळी. दांडा ओढून सोडला की गोळी वर जाते आणि उतारावरून घरंगळत खाली येते. खाली दोन छोटे हात असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. बाजूची बटणं दाबून या हातांनी गोळीला पुन्हा वर टोलवायचं. गोळी शेवटी पडणारच असते, आपण फक्त ते पडणं लांबवायचं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

माझा मुलगा शिकागोच्या एका उपनगरात वीसेक वर्षं राहतो. पिनबॉलचं माहेर म्हणावं तर हेच शहर. डेव्हिड गॉटलीब यांनी 1931 साली इथे ‘बॅफल बॉल’ नावाचा खेळ काढला आणि तो तुफान चालला. महामंदीचे दिवस होते. लोकांच्या हाताला काम नव्हतं, खिशात एखादं नाणं असायचं आणि वेळ भरपूर. एका नाण्यात थोडा वेळ सगळं विसरायची सोय झाली. गंमत म्हणजे त्या पहिल्या खेळांना पायच नव्हते. ते दुकानाच्या काउंटरवर ठेवायचे. पुढे यंत्रं मोठी, जड झाली आणि त्यांना पाय फुटले, आधी लाकडी आणि मग पन्नाशीच्या दशकाअखेरीस लोखंडी. फ्लिपर आले 1947 साली, ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात. तोवर गोळी सोडल्यावर यंत्राला धक्के देत बघत राहण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हातात फारसं काही नव्हतं. म्हणूनच याला जुगार समजत. न्यू यॉर्कमध्ये 1942 साली बंदी आली आणि महापौर ला ग्वार्डिया यांनी हातोडा घेऊन स्वतः यंत्रं फोडली. जप्त यंत्रांच्या लाकडी पायांतून पोलिसांसाठी दंडुके बनवले गेले असंही सांगतात. ही बंदी उठायला 1976 साल उजाडलं. रॉजर शार्प नावाच्या एका तरुण लेखकाने नगरपरिषदेच्या सभासदांसमोर यंत्रावर खेळून दाखवलं. गोळी कुठून जाणार ते त्याने आधी सांगितलं आणि ती तिथूनच गेली. नशीब नव्हे, कसब आहे हे सिद्ध झालं.

असो. शिक्षकाला इतिहास सांगायला लागला की घंटा ऐकू येत नाही.

मुलाने घेतलेलं यंत्र साठच्या दशकातलं. कुणाचं तरी घर रिकामं होत होतं, तिथून स्वस्तात मिळालं. दोन महिन्यांनी, फेब्रुवारीत, त्याची नोकरी गेली. पन्नाशीला टेकलेला माणूस, एका जागी चौदा वर्षं काम केलेलं, आणि सकाळी एका ई-मेलने सगळं संपलं. आम्हाला हे एप्रिलमध्ये कळलं, तेही सूनबाईकडून. जूनमध्ये मी तिकडे गेलो तेव्हा तो दिवसाचा बराच वेळ बेसमेंटमध्ये त्या यंत्राजवळ असायचा. खेळत नसे, नुसता बसलेला असे. मी जिन्यावरून खाली जाई, "चहा घेतोस का?" विचारी आणि परत वर येई. दुसरं काय विचारावं ते कळत नव्हतं.

यंत्र डगमगायचं. मागच्या दोन पायांखाली आधीच्या मालकाने लाकडाचे ठोकळे सरकवले होते. शाळेत आखूड पायाच्या बाकाखाली मुलं वहीचा पुठ्ठा दुमडून घालतात, तसंच. पण इथे वजन शंभर किलोच्या आसपास. एक ठोकळा निसटला तर कुणाच्या तरी पायावर यायचं.

"बाबा, नवे पाय मागवतो. इंटरनेटवर मिळतात," तो म्हणाला. चार दिवसांत आले. चकचकीत, 28.5 इंच लांब, आजकाल सर्रास मिळतो तो आकार. प्रत्येक पाय वर दोन बोल्टांनी पेटीच्या कोपऱ्याला बसतो. नव्या पायाचं एक भोक जुळलं, दुसरं अर्ध्या बोटाने चुकलं. मुलाने ड्रिल आणलं.

मी म्हटलं, "थांब जरा. नवं भोक पाडलं म्हणून जुनं काही बुजत नाही."

त्याने ड्रिल खाली ठेवलं. त्या उन्हाळ्यात आम्ही एकत्र केलेलं पहिलं काम म्हणजे त्या पेटीचे कोपरे बघणं. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं की मागे रंगाचा ताजा चौकोन दिसतो ना, तसंच इथे होतं. पेटीचा बाहेरचा रंग उन्हाने आणि धुराने पिवळा पडला होता, पण मूळ पाय जिथे टेकलेला होता तिथे तो जसाच्या तसा राहिला होता. चारही कोपऱ्यांवर त्या मूळ पायांची सावली. रुंदी किती, वरची कड गोल की सरळ, सगळं तिथे लिहिलेलं. यंत्रावर असलेले चार पाय आम्ही त्या सावल्यांशी ताडून पाहिले. तीन पाय सावलीबाहेर जात होते. पुढचा डावा मात्र बरोब्बर सावलीत बसला. म्हणजे एक मूळ पाय टिकला होता. त्याच्या बहिणी तेवढ्या हव्या होत्या, तीन.

मी त्या पायाचा खाका पुठ्ठ्यावर काढला, भोकांसकट. लांबी टेपने मोजून कडेला लिहिली. मुलगा हसला. "बाबा, फोटो काढला असता की."

"फोटो कोपऱ्याला लावून बघता येत नाही," मी म्हटलं.

पायाच्या लांबीचा एवढा बाऊ कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर सगळा खेळ उतारावर चालतो. आजच्या यंत्रांची फळी साधारण 6.5 अंशांत लावतात. त्या काळच्या यंत्रांचा उतार साधारण 3.5 अंश, म्हणजे चार फूट लांबीत जेमतेम तीन इंचांचा चढ. ठोकळ्यांनी मागची बाजू उचलली की गोळी धावत सुटते आणि त्या जुन्या, बेताच्या ताकदीच्या फ्लिपरांना ती वरपर्यंत पोचवता येत नाही. यंत्र बिघडलंय असं वाटतं, पण बिघाड त्याच्यात नसतो, ते उभं चुकीचं असतं. आत एक छोटा ओळंबाही असतो, अगदी गवंड्याचा असतो तसा, धातूच्या कड्यात लोंबकळणारा. खेळणाऱ्याने यंत्र जास्त हलवलं की ओळंबा कड्याला टेकतो आणि खेळ बंद पडतो. याला टिल्ट म्हणतात. उतार बदलला की हा ओळंबाही कड्याच्या मध्यावर राहत नाही.

मग शोध सुरू झाला. मुलगा फोन करू लागला, पत्रं लिहू लागला. तासा-दोन तासांच्या अंतरावरच्या संग्राहकांकडे आम्ही गेलो. गाडीत तो आपणहून बोलायचा, यंत्राबद्दलच, पण बोलायचा. चार पायांचा संच सगळीकडे मिळे, तीन जुने पाय कुठेच नाहीत.

ते मिळाले ऑक्टोबरात, पिनबॉल एक्स्पोमध्ये. शिकागो परिसरात 1985 पासून भरणारा हा मेळावा म्हणजे या मंडळींची पंढरीच. एका कोपऱ्यात माझ्याच वयाचा एक गृहस्थ जुने सुटे भाग मांडून बसला होता. तरुणपणी बारमधली यंत्रं दुरुस्त करत फिरायचा म्हणे. मी पिशवीतून पुठ्ठा काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, टेबलाखाली वाकला आणि तारेने बांधलेली पायांची जुडी काढली. गंजलेले, पण भोकं जुळली. जुडीत पाच होते, आम्ही तीन घेतले. "बाकीचे दोन ज्याला लागतील त्याच्यासाठी राहू दे," मुलगा म्हणाला. हे मला आवडलं.

गंज काढायला मुलाने प्लंबिंगचा जाड पाइप आणला, एक तोंड बंद करून त्यात पाय उभे केले आणि वरून व्हिनेगर ओतलं. घरभर वास. सूनबाई म्हणाली, "बाबा, बेसमेंटमध्ये लोणचं घातलंय का?" दुसऱ्या दिवशी पाय बाहेर काढून, सोड्याच्या पाण्यात धुऊन आम्ही दोघं तारेच्या घासणीने ते घासत बसलो. घासता घासता तो वर न बघता म्हणाला, "बाबा, अकरा मुलाखती झाल्या. सगळे म्हणतात, तुमचा अनुभव फार आहे. म्हणजे वय फार आहे."

मी घासत राहिलो. शिक्षकाच्या जिभेवर उपदेश कायम तयार असतो, पण तो मी गिळला. थोड्या वेळाने विचारलं, "आम्हाला दोन महिने का नाही सांगितलंस?"

"तुम्ही काय केलं असतं?"

"काही नाही. पण माहीत असतं."

तो पुढे बराच वेळ बोलत होता. काय बोलला ते इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.

पाय बसले. आठ बोल्ट, प्रत्येक पायाच्या तळाशी फिरवून कमीजास्त करायचा स्क्रू. काच काढून फळीवर पाणसळ ठेवली. आधी आडवं सारखं केलं, मग उतार. तळच्या स्क्रूंना अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे. नवे तीन पाय त्या जुन्या चौथ्यापेक्षा थोडे उजळ दिसतात. मुलाने विचारलं, "त्यालाही घासायचा का?" आम्ही नाही घासला.

नोव्हेंबरात मी परत आलो. त्याला कायमची नोकरी अजून मिळालेली नाही. सहा महिन्यांचं कराराचं काम मिळालं आहे, पगार पूर्वीपेक्षा कमी. बेसमेंटमध्ये मात्र आता नुसतं बसणं नाही. दोन शेजारी आपली बंद पडलेली यंत्रं त्याच्याकडे घेऊन आले आहेत.

वाचकहो, तुमच्याकडे पिनबॉल नसेल, पण आजीचं कपाट, पाळणा, शिवणयंत्र असं काहीतरी असेलच. त्याला नवा पाय लावण्याआधी जुन्याची सावली कुठे उमटली आहे का तेवढं बघा. ड्रिल नंतरही हातात घेता येतं.

दर रविवारी फोन येतो. मागे यंत्राची टण् टण् ऐकू येत असते. मी विचारतो, "पाणसळ लावून बघितलीस का या आठवड्यात?"

"बघितली बाबा," तो म्हणतो. "थोडं हललं होतं. केलं नीट."