इरिओमोतेच्या रानातले धबधबे

जपान म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बर्फाने झाकलेला फुजी पर्वत आणि सुसाट धावणारी बुलेट ट्रेन, हो ना? पण याच जपानच्या दक्षिण टोकाला एक हिरवंगार बेट आहे, इरिओमोते. टोकियोपासून ते सुमारे २,००० किलोमीटर दूर, तर तैवानपासून फक्त २०० किलोमीटरच्या आसपास! नकाशा उघडून बघा, आपलं उदयपूर साधारण याच अक्षांशावर सापडेल.

या बेटाचा जवळजवळ ९० टक्के भाग जंगलाने व्यापलाय. इथे विमानतळ नाही. शेजारच्या इशिगाकी बेटावरून बोटीने यायचं. मग उराउची नदीच्या मुखाशी छोट्या होडीत बसायचं आणि सुमारे ८ किलोमीटर आत जायचं. दोन्ही काठांवर खारफुटी दाटलेली असते. चिखलात नीट पाहिलंत, तर उड्या मारणारी निवटी दिसेल, अगदी आपल्या कोकणातल्या खाडीसारखी! २०२० साली महाराष्ट्राने ज्या पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून निवडलं, ती चिप्पी या बेटावरही उगवते.

होडी थांबते ती गुंकान-इवापाशी. या नावाचा अर्थ 'युद्धनौकेसारखा खडक'. इथून पुढे पायी! परतीच्या होडीची वेळ मात्र पक्की लक्षात ठेवायची, कारण माघारी जायला दुसरी सोपी वाट नाही. वाट सावलीची, पण दमट. मुळं आणि दगड ओले असतात, म्हणून चांगली पकड असलेले बूट हवेत. हाबू नावाचा विषारी सापही या रानात राहतो. तेव्हा वाट सोडायची नाही आणि न बघता कुठेही हात घालायचा नाही.

थोडं चाललं की पाण्याचा आवाज कानावर येतो. हा मारियुदू धबधबा. खाली गोल कुंड आहे, म्हणून त्याचं हे नाव. १९९० साली जपानच्या १०० निवडक धबधब्यांची यादी झाली, तिच्यात तोही आहे. घामाने भिजल्यावर त्या कुंडात उडी मारावीशी वाटते, पण तिथे उतरायला बंदी आहे. धबधबा लांबूनच बघायचा.

आणखी पुढे कानबिरे धबधबा लागतो. इथे पाणी उंचावरून कोसळत नाही. रुंद खडकाच्या पायऱ्यांवरून ते घरंगळत येतं. खडकात गोल गोल खड्डे दिसतात. प्रवाहात अडकलेले गोटे वर्षानुवर्षं एकाच जागी गरगर फिरतात आणि खडक कोरत जातात. निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे पाहिलेत ना? तीच ही करामत!

या रानात एक लाजाळू प्राणीही राहतो, इरिओमोतेचं रानमांजर. जगाला त्याचा पत्ता लागला १९६५ साली. आपल्या सह्याद्रीतल्या बिबट मांजराचं ते भावंड. जगात फक्त याच बेटावर ते सापडतं आणि संख्या जेमतेम शंभराच्या आसपास. बेडूक, सरडे, पक्षी, इतकंच काय, कोळंबीसुद्धा ते खातं. बेडूक पकडायला ते रस्त्यालगत येतं आणि मोटारीखाली सापडतं. म्हणून तिथे गाड्या हळू चालवायला सांगतात आणि मांजरांना पलीकडे जायला रस्त्याखालून बोगदे ठेवले आहेत. शंभरातलं एक गेलं तरी केवढं नुकसान, विचार करा!

२०२१ साली हे बेट जागतिक वारसा स्थळांच्या यादीत गेलं. पर्यटक वाढले, तशा पायवाटा झिजू लागल्या. बेटावर पिनाइसारा नावाचा सुमारे ५५ मीटरचा धबधबा आहे. म्हाताऱ्याच्या पांढऱ्या दाढीसारखा तो लोंबतो, म्हणून त्याचं हे नाव. २०२५ पासून तिथे रोज ठरावीक माणसांनाच जाता येतं. 'एवढ्या लांब आलो आणि परत जायचं?' असं कुणाला वाटेलही. पण वाट शाबूत राहिली, तरच उद्या येणाऱ्यालाही धबधबा दिसेल.

पावसाळ्यात तुम्हीही आईबाबांबरोबर घाटात धबधबे बघायला जाता. 'पाण्यात उतरू नका' अशी पाटी दिसली, तर तुमच्या घरातला पहिला थांबणारा कोण असेल?